चोर्ला उतरा, जग फिरा! क्रूझ, यॉट आणि आपल्या सीमाभागाची भन्नाट कनेक्शन्स

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर. निपाणीला तंबाखूचा वास ओळखीचा, खाऱ्या वाऱ्याचा नाही. तरीही या भागात "आमचा थोरला शिपवर असतो" हे वाक्य कानावर पडतंच! गोव्यात किंवा मुंबईत कोर्स करायचा, बॅग भरायची आणि थेट मायामी नाहीतर बार्सिलोना गाठायचं. समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याशी तर आहे. चला, सीटबेल्ट सोडा, लाइफजॅकेट बांधा. निघालो!

जगभर फिरून आलेलं खानापूरचं नाव

माहीत आहे का? एकट्या भारतीयाला जगप्रदक्षिणा घडवणारी पहिली होडी बेळगाव जिल्ह्यात उगम पावणाऱ्या नदीचं नाव मिरवते! म्हादई निघते आपल्या खानापूर तालुक्यातून, भीमगडच्या जंगलपट्ट्यातून. गोव्यात पुढे तिची मांडवी होते आणि पणजीला ती समुद्राला मिळते. याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या बोटयार्डात ५६ फुटी शिडाची होडी तयार झाली. नाव ठेवलं 'आयएनएसव्ही म्हादेई'.

१९ ऑगस्ट २००९. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. बस्स, चारच थांबे! मे २०१० मध्ये स्वारी परत मुंबईत. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीला फेरी मारणारा पहिला भारतीय, आणि तो मराठी माणूस. टाळ्या!

बरं, हे खूळ डोक्यात आलं कुणाच्या? व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या. ७१च्या युद्धातले वीरचक्र विजेते. निवृत्तीनंतर ते राहायला गेले फलटणजवळच्या विंचुर्णीला. जिथे पावसाची वाट बघत वर्ष सरतं, त्या माळावर राहून या माणसाने भारतीय तरुणांना सात समुद्रांची स्वप्नं दाखवली. समुद्र लांब आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाने आवटींचं नाव लक्षात ठेवावं.

'म्हादेई'चं समाधान एका फेरीवर झालं नाही. १ नोव्हेंबर २०१२ रोजी अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले आणि वाटेत कुठल्याही बंदरात न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईसमोर पोहोचले. एकट्याने, नॉनस्टॉप! हेही भारतात पहिल्यांदाच. पाच महिने ना भाजी मंडई, ना चहाची टपरी.

आता लेडीज स्पेशल! 'म्हादेई'ची धाकटी बहीण 'तारिणी', तीही दांडेकरांच्याच यार्डातली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच मैत्रिणींनी, सगळ्या नौदल अधिकारी, 'तारिणी'तून पृथ्वी पालथी घातली. मग २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ला परतल्या. दोघींच्या वाटेत लागला 'पॉइंट निमो', दक्षिण प्रशांत महासागरातला जमिनीपासून सगळ्यात दूरचा बिंदू. जवळात जवळची जमीन तिथून अडीच हजार किलोमीटरच्याही पलीकडे. डोक्यावरून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक गेलं, तर सगळ्यात जवळची माणसं म्हणजे चारशे किलोमीटर वरचे अंतराळवीर! शेजारधर्म पाळायचा तर थेट आकाशात हात हलवायचा.

थांबा, अजून एक. जगात पहिल्यांदा एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ब्रिटनच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननी, १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत. त्यांची होडी 'सुहेली' बांधली होती कुठे? आपल्या मुंबईत! सागवानी लाकडात, कुलाब्याला. आणि दोंदे एकट्याने होडी हाकण्याची तयारी करायला गेले ते याच नॉक्स-जॉन्स्टनकडे. गुरूची होडी मुंबईची, शिष्याची गोव्याची, नाव खानापूरच्या नदीचं. जुळलं की नाही?

खानापूरचा विषय निघालाच आहे तर हेही घ्या. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्यातली म्हादई मात्र अरबी समुद्राला. एकाच तालुक्यातला पाऊस देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना! पणजीला मांडवीत झगमगणाऱ्या कॅसिनो बोटी पाहिल्यात ना? त्यांच्या पोटाखालून वाहणाऱ्या पाण्यात आपल्या खानापूरचाही वाटा आहे.

घाटावरचं बेळगाव, घाटाखालचं बंदर

माहीत आहे का? ब्रिटिश काळात बेळगावच्या छावणीचं सामान यायचं वेंगुर्ला बंदरातून. जहाजातून वेंगुर्ल्यात, तिथून आंबोली घाट चढून बेळगावात. आज जिथे आपण धबधब्याखाली भिजायला आणि कणीस खायला थांबतो, ती आंबोली वाढली ती याच रस्त्यावरचा मुक्काम म्हणून. वेंगुर्ल्याचा दर्यावर्दी इतिहास त्याहून जुना: डचांनी तिथे १६३७ मध्येच वखार उघडली होती.

रेल्वेचंही तसंच. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, वास्को या लाइनवर आपण धबधब्याचे रील्स काढतो. पण ही लाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला टाकली गेली ती मुरगावचं बंदर घाटमाथ्याशी जोडायला. १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक हे चक्क सरहद्दीवरचं स्टेशन होतं, कस्टमची तपासणी वगैरे सगळं. म्हणजे लोंढ्याहून गाडीत बसलेला माणूस तासाभराच्या अंतरावर 'फॉरेन'ला!

आणि हा किस्सा आणखी मागचा. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः गलबतात बसून मालवणहून निघाले आणि उतरले थेट आजच्या कर्नाटकातल्या बसरूरला. महाराष्ट्र-कर्नाटक सागरी एक्स्प्रेस, साडेतीनशे वर्षांपूर्वीची.

एम्प्रेसच्या पोटात शिंदेशाही

५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. का? कारण १९१९ मध्ये याच तारखेला 'एसएस लॉयल्टी' हे भारतीय मालकीचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. इथवर शाळेत शिकलात. पुढचं माहीत आहे का? हे जहाज आधी होतं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची दिमाखदार प्रवासी बोट, प्रशांत महासागरात फिरणारी. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली आणि जखमी सैनिकांसाठी तिचं तरंगतं हॉस्पिटल केलं. 'लॉयल्टी' हे नाव तेव्हाचं. युद्धानंतर नव्या कंपनीने ती घेतली आणि कंपनीचं नाव पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. भारताच्या आधुनिक जहाजउद्योगावर मराठी सरदारघराण्याचं नाव असं कोरलं गेलं.

आणि योगायोग बघा! मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला २०२१ पासून जाऊ लागलेल्या कॉर्डेलिया क्रूझचं जहाज कोणतं? 'एम्प्रेस'! १९९० साली बांधलेलं, पूर्वी कॅरिबियनमध्ये फिरलेलं. एक एम्प्रेस भारतातून लंडनला गेली, दुसरी अमेरिकेहून आपल्याकडे आली. हिशेब फिट्ट.

त्याआधी २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' उतरली होती. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याची आठवण देणारं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात प्रवाळांचं एक बेट बुडालेलं आहे, त्याचंही नाव आंग्रिया बँक. या बँकेत खातं फक्त माशांचं!

बोटीवर कोण कुठे?

ब्रिटिशांच्या पी अँड ओ कंपनीच्या जुन्या बोटींवर कामाची वाटणी गावांनुसार ठरलेली असायची. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची माणसं. इंजिनच्या भट्टीपाशी पंजाब आणि सरहद्द प्रांतातली. आणि पाहुण्यांच्या जेवणाखाण्याची सेवा? ती गोंयकारांची मक्तेदारी! गोव्यात बोटीवरच्या माणसाला 'तारवटी' म्हणतात आणि तिथलं सरकार निवृत्त तारवट्यांना पेन्शनही देतं. हा मान आपल्याकडच्या शिपवाल्यांनाही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

हे तारवटी मुंबईत उतरायचे कुठे? धोबी तलावच्या 'कुडां'मध्ये. गोव्यातल्या एकेका गावाची एकेक कूड. स्वस्तात पथारी, भिंतीशी ट्रंकांची रांग, एक छोटी वेदी, संध्याकाळी सामूहिक प्रार्थना. बोट मिळेपर्यंत गावचा माणूस गावच्याच माणसांत. दीडशेहून अधिक वर्षांची ही व्यवस्था, आणि काही कुडी आजही उघड्या आहेत. आपल्या सीमाभागातून जाणाऱ्या पोरांसाठी मुंबईत अशी एखादी 'बेळगाव कूड' का असू नये? कुणीतरी मनावर घ्या की!

झटकन एक गंभीर पान. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली, ती 'मोरिया' बोटही पी अँड ओचीच. प्रवासी बोटीची गोल खिडकी इतिहासात इतकी गाजलेली दुसरी नसेल. आणि बेळगाव कनेक्शन? १९५० मध्ये याच सावरकरांना स्थानबद्ध करून ठेवलं होतं आपल्या हिंडलग्याच्या जेलमध्ये.

जहाज की तालुका?

चला, आता मोठ्या जहाजात! 'आयकॉन ऑफ द सीज', जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालं तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं क्रूझ जहाज. लांबी ३६५ मीटर, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक मीटर! वीस डेक, सात पूल, सहा वॉटरस्लाइड. प्रवासी साडेसात हजारांवर मावतात आणि त्यांच्या दिमतीला २,३५० जणांचा क्रू. टायटॅनिक आठवतं ना? आकारमानाने तशी पाच या एकात बसतील.

इतक्या जहाजात क्रू चालतो कुठून? प्रवाशांना कधीच न दिसणारा एक लांबलचक कॉरिडॉर खालच्या डेकवर असतो, जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अमेरिकन जहाजांवर त्याला म्हणतात 'आय-९५', तिकडच्या हायवेच्या नावावरून. ब्रिटिश जहाजांवर तोच 'एम-१'. ट्रॉल्या, लॉन्ड्रीच्या गाड्या, धावते वेटर, नोटीस बोर्ड, शिफ्ट बदलताना उडालेली झुंबड: अगदी आपला निपाणी-संकेश्वर-बेळगाव हायवे समजा, फक्त छत असलेला.

माहीत आहे का? क्रूझ जहाजावर माळीही लागतो! २००९ मध्ये आलेल्या 'ओअॅसिस ऑफ द सीज'वर 'सेंट्रल पार्क' आहे आणि त्यात बारा हजारांवर खरी झाडं-रोपं. त्यांना पाणी घालणं, छाटणी, कीड बघणं हे पगारी काम. शेतकऱ्याच्या पोरांनो, ऐकताय ना? समुद्राच्या मधोमध बागकामाची व्हेकन्सी!

बर्फ हवाय? १९९९च्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'ने कॅरिबियनच्या उकाड्यात चक्क आइस स्केटिंगचं रिंगण फिरवलं. बर्फावर शो करणारे कलाकारही क्रूच!

'आयकॉन'वर तर एक कुत्राही ड्यूटीवर होता. गोल्डन रिट्रीव्हर, नाव रोव्हर, हुद्दा 'चीफ डॉग ऑफिसर'. आणि 'क्वीन मेरी २' या जहाजावर कुत्र्यामांजरांसाठी २४ घरांचं पाळणाघर आहे. श्वानमंडळींच्या सोयीसाठी तिथे लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कचा फायर हायड्रंटसुद्धा उभा केलाय. खांब कशासाठी, ते कुत्र्यांना बरोबर कळतं!

पिण्याचं पाणी? जहाज समुद्रातूनच गोडं पाणी बनवतं, खारं पाणी उकळून वाफ थंड करून किंवा पडद्यातून दाबाने गाळून. भोवती पाणी, आत पाणी. निपाणी कुठेच नाही!

टॉवेलचा हत्ती, पॅसेजचा राजा

केबिन स्टुअर्ड म्हणून गेलेल्या पोराला सगळ्यात आधी काय शिकावं लागतं? चादर ताणून घालणं. दुसरं? टॉवेलचा हत्ती! माकड, हंस, ससा, कुत्रा... प्रवासी रात्री केबिनमध्ये परतला की पलंगावर प्राणी हजर. ही कला इतकी गाजली की कार्निव्हल कंपनीने टॉवेल-प्राण्यांचं सचित्र पुस्तकच काढलं. प्रवाशाची पोरं खूश, की आई-बाप खूश, की टिप खूश!

पण ग्लॅमरच्या मागचं गणितही बघा. काँट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं. त्या काळात रविवार नावाचा वार कॅलेंडरवर असतो, ड्यूटी चार्टवर नाही. केबिन बहुधा दोघांत एक, बंक बेड, खालच्या डेकवर, बऱ्याचदा खिडकीशिवाय. सकाळ झाली हे घड्याळ सांगतं, सूर्य नाही. गणपतीत घरी येता येईल का, हे काँट्रॅक्टची तारीख ठरवते. हे सगळं करून दर महिन्याला घरी पैसे पाठवणारी पोरं-पोरी मला खरोखर मोठी वाटतात.

घड्याळाची तर वेगळीच गंमत. जहाज पश्चिमेला जात असेल तर मध्यरात्री घड्याळ तासभर मागे. क्रू एक तास जास्त झोपतो आणि कप्तानाला दुवा देतो. पूर्वेला जात असेल तर तोच तास कापला जातो. प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून पश्चिमेला गेलात तर आख्खा दिवस गायब. त्या दिवशी वाढदिवस असेल तर? केक नाही, वयही वाढलं नाही म्हणायचं!

विषुववृत्त पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला समुद्रदेव 'नेपच्यून'च्या दरबारात उभं करतात. तोंडाला काहीबाही फासतात, पाण्यात बुचकळतात आणि मग 'शेलबॅक' अशी पदवी देतात. विषुववृत्त आणि १८० अंशांची रेषा एकाच जागी ओलांडली तर 'गोल्डन शेलबॅक'. बायोडेटात लिहा, इंटरव्ह्यूत विषय निघेल!

लिफ्टमध्ये १३ नंबरचं बटण शोधू नका. बऱ्याच जहाजांवर तेरावा डेकच नसतो, बारानंतर थेट चौदा. आणि इटालियन वळणाच्या एमएससी कंपनीच्या अनेक जहाजांवर सतरावा गायब, कारण इटलीत अशुभ आकडा १७! देश बदलला की पनवती बदलते.

समुद्र नाही? नो प्रॉब्लेम!

माहीत आहे का? मंगोलियाला चारही बाजूंनी जमीन आहे. समुद्राचा थेंब नाही. तरीही २००३ पासून मंगोलिया जहाजांची नोंदणी करतो आणि मंगोलियाच्या झेंड्याखाली जहाजं समुद्रात फिरतात. नोंदणीचं ऑफिस सिंगापूरला! अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या बड्या क्रूझ जहाजांच्या मागच्या बाजूला बघा, 'नासाऊ' लिहिलेलं दिसेल. ते बहामाजच्या राजधानीचं नाव. मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, क्रू पन्नास-साठ देशांचा.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. निपाणीची पोरं ज्या देवचंद कॉलेजात शिकतात ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात! गाव कर्नाटकात, कॉलेज कागल तालुक्यात, डिग्री कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. रोज राज्य ओलांडून लेक्चरला जाणाऱ्याला देश ओलांडायची काय भीती?

आणि इथेच सीमाभागाचं खरं भांडवल आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, चोर्ला घाट उतरला की कोंकणी, सिनेमात हिंदी, शाळेत इंग्रजी. पाच भाषांत भाजी घेता येणारं पोरगं पन्नास देशांच्या मेसमध्ये सहज मिसळतं. अनेक जहाजांवर छातीवरच्या बॅजवर नावाखाली देशाचं नाव असतं. 'इंडिया' वाचलं की प्रवाशांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बटर चिकन येतं का बनवायला?" कार्निव्हलच्या काही जहाजांवर तर भारतीय जेवणाचं 'तंदूर' काउंटरही आहे.

बेळगावचं आणखी एक कनेक्शन, धातूचं. यमुनापूरला हिंडाल्कोचा कारखाना बॉक्साइटपासून ॲल्युमिना बनवतो, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल. मोठ्या प्रवासी जहाजांना ॲल्युमिनियम लागतं का? लागतं तर! वरचे मजले हलके राहिले की जहाज डोलत नाही. १९६९ मध्ये सेवेत आलेल्या 'क्यूई२'चे, म्हणजे 'क्वीन एलिझाबेथ २'चे, वरचे मजले ॲल्युमिनियमचेच होते. ही महाराणी आता निवृत्त होऊन दुबईच्या धक्क्यावर हॉटेल म्हणून उभी आहे, २०१८ पासून.

सात छोटे, एक लांब

सात छोटे भोंगे आणि एक लांब. हा आवाज ऐकला की हातातलं ताट खाली ठेवायचं आणि आपल्या जागेवर धावायचं. जहाजावर प्रत्येकाला दुसरी ड्यूटी असते. इस्त्री करणारा स्ट्रेचर धरतो, वेटर माणसं मोजतो, गायक लाइफजॅकेट बांधून देतो. बोलताना कोडवर्ड: अनेक जहाजांवर 'ब्राव्हो' म्हणजे आग, 'अल्फा' म्हणजे कुणीतरी आजारी, 'ऑस्कर' म्हणजे माणूस पाण्यात. प्रवासी घाबरत नाहीत, क्रू धावत सुटतो.

हे किती खरं असतं ते १३ जानेवारी २०१२ला दिसलं. इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळून आडवं झालं. ३२ जण गेले. शेवटचा मृतदेह सापडायला नोव्हेंबर २०१४ उजाडलं. तो होता मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याच्या भारतीय वेटरचा, इतरांना मदत करताना दिसलेला. या अपघातानंतर नियमच बदलला: प्रवाशांचं ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी व्हायलाच हवं. क्रूझला गेलात तर ते ड्रिल चुकवू नका. मनापासून सांगतो.

फेब्रुवारी २०२० आठवतो? जपानच्या योकोहामात 'डायमंड प्रिन्सेस' कोरोनामुळे अडकलं. ३,७११ माणसं आणि त्यांत १३२ भारतीय क्रू. प्रवासी केबिनमध्ये बंद, त्यांच्या दारात जेवण पोहोचवत होता तो क्रूच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी'वरच्या शंभराहून अधिक भारतीयांना, देशात लॉकडाउन असताना, मुंबईत खास परवानगीने उतरवलं गेलं. कोविड योद्ध्यांच्या यादीत ही पोरं यायला हवी होती, आणि मी ती धरतोच.

बूट काढा, यॉट आली

आता पांढरीशुभ्र दुनिया! सुपरयॉटवर चढताना पहिली गोष्ट काय करायची? चपला काढायच्या! शिडीपाशी टोपली असते, बूट त्यात. सागवानी डेकला ओरखडा नको. देवळात जाणाऱ्या माणसाला ही ट्रेनिंग जन्मजात.

जगातली लांब यॉट म्हणून गाजलेली 'अझ्झाम' १८० मीटरची. शिडांचं म्हणाल तर 'रॉयल क्लिपर': पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडं, प्रवाशांसह! 'माल्टीज फाल्कन'ची पंधरा शिडं बटण दाबलं की काही मिनिटांत उघडतात.

जेफ बेझोसच्या 'कोरू'ची गोष्ट भारी. १२७ मीटरची शिडाची यॉट नेदरलँड्समध्ये बांधली. उंच डोलकाठ्यांमुळे रॉटरडॅमचा जुना पूल आडवा येणार, म्हणून पुलाचा मधला भाग काढायचा विचार पुढे आला. रॉटरडॅमकर भडकले, यॉटवर सडकी अंडी फेकायची तयारी झाली! शेवटी २०२२ मध्ये डोलकाठ्या न लावताच यॉट दुसऱ्या वाटेने बाहेर काढली. पैसा जिंकला नाही, पूल जिंकला.

यॉटवर काम शोधायची जगभरातली अड्ड्याची ठिकाणं तीन: फ्रान्सचं आंतीब, स्पेनचं पाल्मा, अमेरिकेचं फोर्ट लॉडरडेल. घराजवळ सुरुवात हवी? गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट आणि जीवरक्षणाचे कोर्स घेते.

आणि कुणाला उतरूच वाटत नसेल तर 'द वर्ल्ड' नावाचं जहाज आहे. २००२ पासून फिरतंय, त्यात १६५ घरं. लोक फ्लॅट घेतात आणि शेजाऱ्यासकट जग फिरतात!

सगळ्यात स्वस्त सफर कुणाची? १९२८ मध्ये रिचर्ड हॅलिबर्टन या पठ्ठ्याने पनामा कालवा पोहून पार केला. कालव्याने जहाजासारखंच त्याचं वजन धरून टोल लावला: ३६ सेंट!

जायचंय? मग हे कापून ठेवा

पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक, आणि एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे, बेसिक सेफ्टी कोर्स. यात लाइफजॅकेट घालून पाण्यात उडी मारायची, उलटा झालेला राफ्ट सरळ करायचा, धुराच्या खोलीत शिरायचं, आग विझवायची, प्रथमोपचार शिकायचे. वेटरलाही, शेफलाही, डीजेलाही! गावच्या विहिरीत सूर मारलेल्यांना पहिला धडा सोपा. शिवाय मान्यताप्राप्त डॉक्टरची मेडिकल तपासणी आणि अमेरिकन बंदरांसाठी सी-१/डी व्हिसा.

हक्कही पाठ करा. खलाशांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, एमएलसी, २०१३ मध्ये लागू झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. कामाचे तास काहीही असोत, कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती हा तुमचा हक्क. पगार निदान महिन्याला एकदा मिळायलाच हवा. काँट्रॅक्ट संपलं की घरी पोहोचवायचा खर्च कंपनीचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई-बाबांनो, तुम्हीही वाचा. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घ्यायला कायद्याने बंदी आहे. भरती करणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचं, आरपीएसएल हे खलाशी भरतीचं लायसन्स लागतं आणि लायसन्सधारकांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. "दोन लाख द्या, पुढच्या महिन्यात दुबईला जहाज" असं कुणी म्हणालं, टुरिस्ट व्हिसावर जा म्हणालं, काँट्रॅक्टची प्रत नंतर देतो म्हणालं, तर शेत विकू नका, सोनं गहाण ठेवू नका. आधी त्याचा आरपीएसएल नंबर मागा, वेबसाइटवर तपासा आणि सही करण्यापूर्वी काँट्रॅक्ट पूर्ण वाचा.